शून्यावर अर्धे परत

अण्णा कॉलेजच्या वेळात कधी फोन करत नसत. मी पाथर्डीत कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते आणि तास चालू असताना मुलगी फोन उचलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांचा फोन वाजला तेव्हा मी हातातली वही तशीच टाकून तो उचलला.

"आई बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय," अण्णा म्हणाले. "मला एक सांग. सदतीस घरांचं चाक आहे. शून्य ते छत्तीस. एका घरावर पैसे लावले आणि ते लागलं, तर लावलेले परत आणि वर पस्तीस पट. चालवणाऱ्याला शेकडा किती सुटतात?"

माझा जीव भांड्यात पडला. अण्णा श्रीगोंद्याच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. माझ्या लहानपणी जेवताना ते कोडी घालायचे, आणि उत्तर आल्याशिवाय ताक वाढू द्यायचे नाहीत. त्यांना पुन्हा कोडं सुचलंय, एवढंच मला वाटलं.

"सगळ्या घरांवर एकेक रुपया लावा," मी म्हटलं. "सदतीस गेले. कुठलं तरी एक लागणारच. हातात छत्तीस येतात. सदतीसमागे एक रुपया त्याचा. शेकडा दोन पूर्णांक सत्तर."

"आणि दोन शून्यं असली तर?"

"घरं अडतीस, देणं तेच. अडतीसमागे दोन. सव्वापाचच्या वर."

"बरोबर," ते म्हणाले. म्हणजे त्यांनी आधीच काढलं होतं आणि माझ्याकडून तपासून घेत होते. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं बोलले नव्हते.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी फोन येऊ लागला. हे चाक म्हणजे रुलेट, हे मला माहीत होतं. संभाव्यता शिकवताना पुस्तकात त्याचं एखादं उदाहरण येतंच. अण्णा एकेक नियम बदलून विचारत. शून्य सोडून निम्मी घरं लाल, निम्मी काळी, आणि रंग लागला तर दुप्पट. अशा लाल किंवा काळ्यावर पैसे लावले, आणि हिरवं शून्य आलं, तर काही ठिकाणी अर्धे परत मिळतात. मग? मग तोटा निम्म्यावर येतो, शेकडा एक पूर्णांक पस्तीस. काही ठिकाणी शून्य आलं की पैसे कैदेत ठेवतात. पुढच्या फेरीत तुमचा रंग आला तर नुसते सुटतात, नाहीतर गेले. मग? मी फळ्यावरचं गणित पुसून त्यांचं मांडलं. दुसऱ्यांदाही शून्य आलं तर काय करतात, यावर ते अवलंबून होतं. पैसे बुडाले असं धरलं तर एक पूर्णांक एकोणचाळीस, कैद पुढे चालू राहिली तर पुन्हा एक पूर्णांक पस्तीस. अण्णा खूश झाले. दोन शून्यांच्या चाकावर पहिल्या पाच घरांवर मिळून लावायचा एक डाव असतो. त्याचे शेकडा जवळजवळ आठ निघाले, तेव्हा ते म्हणाले, "तो तर मूर्खांसाठीच ठेवलाय."

मी हे सगळं स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगत होते. वडील या वयात गणित करतात, म्हणून.

मग एका दुपारी त्यांनी विचारलं, "जिंकलेल्या पैशातून कोणी शेकडा दोन कापून घेत असेल तर?"

मी पेन हातात घेतलं आणि थांबले. शून्यावर अर्धे, कैद, हे सगळं पुस्तकात सापडणारं होतं. शेकडा दोन कापून घेणारा माणूस पुस्तकात नव्हता. तो कुठेतरी खराच बसलेला होता.

"कोण कापतं, अण्णा?"

"कोणी नाही. समज."

मी आकडा काढून दिला. एक पूर्णांक पस्तीसचे दोन पूर्णांक बत्तीस होत होते. ते "हं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवशी पुढच्या तासाला मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

शनिवारी कोणाला न कळवता मी नगरला बस बदलून श्रीगोंद्याला गेले. आई ओट्यावर चिंच फोडत बसली होती. मला बघून ती आधी दचकली, मग हसली.

"अण्णा कुठायत?"

"मागच्या खोलीत. अभ्यास चाललाय." तिने डोळे मिचकावले. "दाढी रोज करतात हल्ली. कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यासारखे उठतात. मी म्हटलं, चला, निदान चिडचिड तरी थांबली."

मागच्या खोलीत अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. समोर स्टुलावर मोबाईल, त्याला मागून डब्याचा आधार. स्क्रीनवर चाक फिरत होतं. मला बघून त्यांनी मोबाईल लपवला नाही. लपवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"ये, बस," ते म्हणाले. "हे बघ, हेच ते टेबल. एक शून्य, आणि शून्यावर अर्धे परत."

"तुम्ही पैसे लावता?"

"किरकोळ. फक्त लाल-काळं. एका घरावर लावणं हा अडाणीपणा आहे, कापणी धरून तिथे शेकडा साडेचार जातात." ते शांतपणे सांगत होते, प्रयोगशाळेत नवीन मुलाला समजावून सांगावं तसे. "मी खेळत नाही. अभ्यास करतोय."

बाजारपेठेतल्या एका मोबाईलच्या दुकानदाराने त्यांना 'आयडी' दिला होता. रोख पैसे त्याच्याकडे द्यायचे, तेवढे आकडे फोनमध्ये चढतात. जिंकलं की तो शेकडा दोन कापून रोख देतो. गावात अनेकजण असं खेळतात, हे मी ऐकून होते. पण त्या अनेकांत मी एखादा रिकामटेकडा पोरगा पाहत होते. माझ्या वडिलांना नाही.

"हे बेकायदा आहे, अण्णा."

"ते वेगळं. तू गणिताचं बोल."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खोलीचं दार लोटलं. निवृत्तीच्या पैशांची बँकेतली ठेव सोमवारी मुदत संपून हातात येणार होती. त्यातला मोठा भाग ते या टेबलावर आणणार होते. आईला माहीत नव्हतं.

"ठेव मुदतीआधी मोडली तर बँक शेकडा एक कापते. त्याला कोणी जुगार म्हणत नाही," ते म्हणाले. "इथे दोनच्या आसपास. आणि बँकेत वर जायची संधी नाही, इथे आहे. आकडा तर तूच काढलास ना?"

आकडा मीच काढला होता, आणि तो बरोबर होता. माझी अडचण तीच होती. आकडा चुकीचा असता तर मी तो खोडून टाकला असता.

"तो तोटा तुम्ही आणलेल्या पैशावर नाहीये," मी म्हटलं. "फिरवलेल्या पैशावर आहे. तुमच्या कारखान्यात ऊस एकाच मिलमधून काढायचे का? पहिल्या मिलने रस काढला की तेच चिपाड दुसरीत, मग तिसरीत, चौथीत. एकेकीने थोडं थोडं घेतलं तरी शेवटी काय बाहेर पडतं? इथे मिनिटाला एक फेरी आहे. तोच रुपया तुम्ही किती वेळा रोलरखाली घालता?"

 त्यांना समजलं होतं. त्यांच्या कानामागची शीर उडत होती, तेवढ्यावरून मला ते कळलं. पण समजणं आणि उठून उभं राहणं यांत फार अंतर असतं. त्यांची नजर परत स्क्रीनकडे गेली.

रविवारी सकाळी मला वाटलं, दाखवल्याशिवाय पटणार नाही. मी कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, शून्य ते छत्तीस, आणि त्या स्टीलच्या डब्यात घातल्या. चिंचोके घरात ढिगाने होते. अण्णांना एक वाडगाभर दिले. सम की विषम, एवढंच लावायचं. शून्य आलं तर अर्धे परत. चिठ्ठी काढायला आईला बसवलं. तिला वाटलं, मुलगी माहेरी आलीय म्हणून जुना खेळ काढलाय. ती हौसेने चिठ्ठ्या काढू लागली.

अण्णा जिंकत गेले.

सुरुवातीला मी हसले. मग फेऱ्या मोजू लागले. वाडगा भरून चिंचोके परातीत गेले. शून्य एकदाच आलं, तेही अण्णांनी नेमका एकच चिंचोका लावला होता तेव्हा. त्याचे अर्धे कसे करायचे म्हणून आई खुदखुदून हसली आणि तिने तो अख्खाच त्यांना परत दिला.  वर्गात मी दरवर्षी सांगते की शंभर फेऱ्यांत एकेक रुपयाने खेळलं तर सरासरी तोटा सव्वा-दीड रुपयाचा, पण इकडे-तिकडे दहा रुपयांनी हलणं अगदी सहज. म्हणजे एवढ्याशा खेळात जिंकून उठण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. हे माहीत असून मी डबा घेऊन बसले होते, कारण मला नशीब माझ्या बाजूने उभं हवं होतं. मी स्वतःच जुगार खेळत होते.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात विजय नव्हता, एक प्रकारची भूक होती. तिनेच मी घाबरले.

आईचं हसू विरत गेलं. तिने डबा खाली ठेवला.

"हे कशासाठी चाललंय?" तिने विचारलं. "खेळ असता तर तुझं तोंड असं झालं नसतं."

 मग अण्णांनीच सांगितलं, ठेवीसकट सगळं. आईने पदराने हात पुसले, पुन्हा पुसले. "त्यात माझ्या शिवणाचे पैसे आहेत," ती म्हणाली. "तुमच्या हातात दिले होते, बँकेत टाका म्हणून. मला एका शब्दाने विचारलं नाहीत?" तिचा आवाज चढला नाही. ती आत गेली आणि भांडी घासू लागली. घासलेलीच भांडी ती परत घासत होती.

मी अण्णांना म्हटलं, "निदान एक तपासू. शून्यावर अर्धे परत, हा नियम तुम्ही स्वतः पाहिलाय?"

"पाहिलाय. दोनदा."

"किती लावले होते तेव्हा?"

"किरकोळच."

"सोमवारी जेवढं लावणार आहात, त्याच्या जवळपास लावून शून्य आल्यावर काय होतं ते पाहिलंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांच्या कामातला होता. चिमूटभर साखरेवरची चाचणी पोत्याला लागू पडते का, ते पोतं उघडूनच कळतं.

दुपारी आम्ही दोघं मागच्या खोलीत बसलो. आयडीत जे काही शिल्लक होतं ते त्यांनी मोठ्या तुकड्यांत लावायला सुरुवात केली. एकदा लाल, एकदा काळं, पैसे वरखाली होत राहिले. शून्य सदतीसात एकदा येतं, पण ते केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पत्रा तापला होता. पंखा फिरत होता आणि तरी माझी पाठ ओली झाली होती. चाक थांबत आलं की आम्ही दोघंही पुढे झुकायचो. चाकावर धावणारी गोळी शून्याच्या शेजारच्या घरात पडली तेव्हा माझ्या तोंडून "अरे!" निघालं. मला कळत होतं की मी कशासाठी बसलेय, आणि तरी माझेही डोळे चाकावरून हलत नव्हते. आईने चहा आणून ठेवला. तो तसाच निवला. पुढच्या फेरीला किती सेकंद उरले ते मी मनात मोजत होते. अण्णा रोज या खोलीत काय करतात, ते मला गणितापेक्षा त्या दुपारने जास्त नीट कळलं.

शिल्लक वर चढली. अण्णांनी लावायची रक्कम वाढवली. मी अडवलं नाही.

मग गोळी हिरव्यावर थांबली.

"शून्य!" मी ओरडले. आनंदाने ओरडले.

अण्णा स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहत होते. लावलेले सगळे पैसे गेले होते. अर्धे आले नाहीत. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. पुढची फेरी सुरू झाली तरी आले नाहीत.

त्यांनी दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काका, अर्धे परत हे ल्हान डावाला आसतंय," तो म्हणाला. "मोठ्या रकमेला न्हाई. नियमात लिव्हलंय खाली, बारीक अक्षरात."

"मला सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलं न्हाई, काका. लई हुशार मानूस तुमी, मला वाटलं वाचलं आसंल."

अण्णांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा काळवंडला होता. "काटा मारला," ते म्हणाले. उसाच्या गाडीचं वजन कमी दाखवलं की शेतकरी कारखान्याच्या फाटकावर हेच ओरडत. अण्णांनी ते आयुष्यभर आतल्या बाजूने ऐकलं होतं.

मला वाटलं, संपलं. पण ते उठले, चपला घातल्या आणि बाजाराकडे निघाले. मी मागोमाग गेले.

दुकान अरुंद होतं, भिंतभर मोबाईलची कव्हरं लटकलेली. दुकानदार तिशीचा, नीट भांग पाडलेला, नम्र. त्याने अण्णांना स्टूल दिलं, मला "या ताई" म्हणाला. अण्णा रागावलेत हे दिसूनही तो जराही गडबडला नाही.

"काका, तुमच्यासारख्याला हे टेबल न्हाईच," तो म्हणाला. "मोठं टेबल देतो. तिथं कितीबी लावा, शून्यावर अर्धे. वरून सांगून घेतो तुमच्यासाठी."

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा राग ओसरत चालला होता. ते मनात भागाकार करत होते.

"शून्यावर गेलेले पैसे कोणाकडे जातात?" मी विचारलं.

"वर."

"वर म्हणजे कुठे?"

"ते आमालाबी म्हाईत न्हाई, ताई. आमाला कमिशन."

"आणि चाक कोण फिरवतं?"

तो हसला. "चाक कुटं हाय? ते दिसायला हाय. आकडा कंप्युटर काढतो."

"केव्हा काढतो?" हे अण्णांनी विचारलं. आवाज एकदम वेगळा होता. "पैसे लावायच्या आधी, की नंतर?"

"लावून झाल्यावर, काका. बेटिंग बंद झालं की मग."

"म्हणजे कोणत्या घरावर किती लागलेत, ते त्याला तोपर्यंत माहीत असतं."

दुकानदाराने खांदे उडवले. एक गिऱ्हाईक चार्जर मागायला आलं, तो तिकडे वळला. आम्ही बाहेर पडलो.  मी महिनाभर काढून दिलेला एकेक आकडा, दोन सत्तर, एक पस्तीस, दोन बत्तीस, सगळे एकाच गृहीतावर उभे होते. चाकाला कोणाची ओळख नसते, हे ते गृहीत. इथे चाकच नव्हतं.

बारावीची परीक्षा चालू होती आणि सोमवारी मला पर्यवेक्षणाला हजर राहणं भाग होतं, म्हणून मी त्याच संध्याकाळी पाथर्डीला परतले. निघताना आईला एवढंच म्हणाले, "उद्या त्यांना एकट्याला बँकेत पाठवू नकोस." अण्णा दारापर्यंत आले नाहीत.

परीक्षेच्या वर्गात मोबाईल नेता येत नाही. तो केंद्रावर जमा करावा लागतो. त्या सकाळी मी बाकांच्या रांगांतून फिरत होते. मुलं खाली मान घालून लिहीत होती. बँक उघडली असेल, हे मला भिंतीवरच्या घड्याळात दिसत होतं. एका मुलीने पुरवणी मागितली, मी तिला चुकीच्या क्रमांकाची दिली, ती परत घेतली. खिडकीतून जीप स्टँडवरचा आरडाओरडा ऐकू येत होता. इतक्या वर्षांत पेपर सुटायची वाट मी मुलांपेक्षा जास्त पाहिली, ती त्याच दिवशी.

मोबाईल हातात आला तेव्हा आईचे बरेच फोन येऊन गेले होते. मी जिन्यातच उभी राहून लावला.

"बँकेतच आहोत," आई कुजबुजली. "कधीपासून बाकड्यावर बसलेत. उठत नाहीत, बोलत नाहीत. तो क्लार्क दोनदा हाक मारून गेला. म्हणतात, आधी तुझ्याशी बोलायचंय. घे."

"सकाळी त्याचा फोन आला होता," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "मोठ्या टेबलावर आता शून्य आलं तर पूर्ण परत. अर्धे नाही, पूर्ण. कापणी शेकडा दोनच. किती पडतं?"

ते मनात काढायला मला क्षणही लागला नाही. शून्य नसल्यासारखंच झालं. उरली ती फक्त कापणी. शेकडा एकसुद्धा भरत नव्हता. शून्य पूर्णांक सत्त्याण्णव. ठेव मोडल्यावर बँक कापते त्याहून कमी. आकडा माझ्या जिभेवर होता. मी वडिलांना कधी खोटा आकडा सांगितला नव्हता.

"अण्णा," मी म्हटलं, "कोणी पुडीत रस घेऊन आलं, आणि तो कोणत्या उसाचा, कोणी काढला, सील कोणी लावलं, काहीच माहीत नसलं, तर तुम्ही रिपोर्टवर सही करायचात?"

पलीकडे बँकेत टोकनची घंटी वाजली.

"पुडीत रस राहत नाही," ते म्हणाले.

"बाटलीत."

"नाही करायचो."

"मग मलाही आकडा सांगता येत नाही. चाकावरचा आकडा कोण काढतं ते माहीत नाही. त्यामुळे माझ्याकडे उत्तरच नाही. एक नाही, दोन नाही, काहीच नाही."

 जिन्यातून मुलं पेपरची चर्चा करत खाली उतरत होती, मी भिंतीला चिकटून उभी होते. मग त्यांनी आईच्या हातात फोन दिला. तिने तो बंद केला नाही. क्लार्कचा आवाज आला, खुर्ची सरकली, आणि अण्णा म्हणाले, "नवीन ठेव करायची. दोघांच्या नावावर. काढताना दोघांची सही लागेल असं लिहा."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. 

हे एवढ्यावर सुटलं नाही. आयडीत राहिलेले थोडे पैसे मागितल्यावर दुकानदार म्हणाला की अजून इतके इतके फिरवल्याशिवाय ते काढता येत नाहीत. अण्णा ते सोडून आले. मग त्यांना ताप आल्यासारखं झालं. जेवणावरून उठायचे, फाटकापर्यंत जाऊन परत यायचे, आईवर खेकसायचे. आई त्यांचा मोबाईल उशाखाली घेऊन झोपू लागली. मी पोलिसांत तक्रार द्यायला सांगितलं तर म्हणाले, "गावात माझं तोंड दाखवायला जागा ठेव." तक्रार आम्ही दिली नाही. मला ते अजून पटलेलं नाही. पुढे ते दुकान एक दिवस बंद दिसलं, आणि मग तिथे भाजलेल्या शेंगदाण्यांचं दुकान आलं. तो माणूस दुसऱ्या तालुक्यात गेला म्हणतात.

मे महिन्यात दोघं माझ्याकडे पाथर्डीला राहायला आली. एका संध्याकाळी गच्चीवर वाळवण गोळा करताना अण्णांनी आपणहून विषय काढला.

"बँकेत तू आकडा सांगितला नाहीस."

"होता माझ्याकडे," मी म्हटलं. माझ्या हातातली कुरडई मोडली. "शून्य पूर्णांक सत्त्याण्णव."

"माहीत आहे. मी बाकड्यावरच काढला होता."

"मग मला कशाला विचारलंत?"

ते परातीतल्या कुरडया नीट लावत राहिले. "तू सांगितला असतास तर मी उठून पैसे काढून घेणार होतो," ते म्हणाले. "तू तोच आकडा सांगशील अशी माझी खात्री होती."

खाली आई कोणाशी तरी बोलत होती. तिचा आवाज वर येत होता.

"अजून खेळावंसं वाटतं?" मी विचारलं.

"रोज," अण्णा म्हणाले. त्यांनी परात उचलली, जिन्याच्या तोंडाशी थांबून खालच्या आईला हाक मारली आणि सांभाळून एकेक पायरी उतरू लागले.